युरोपची नवी सीमाशुल्क पारगमन प्रणाली : व्यापाऱ्यांची पूर्वतयारी आणि जबाबदारी

भारतातून समुद्रमार्गे युरोपला जाणारा माल ज्या बंदरात उतरतो, त्याच देशात विकला जातो असे नाही. न्हावा शेवाहून निघालेला द्राक्षांचा शीतकंटेनर नेदरलँड्समधील रॉटरडॅम बंदरात उतरतो, तेथून ट्रकने जर्मनी ओलांडतो आणि स्वित्झर्लंडमधील झुरिचच्या घाऊक व्यापाऱ्याकडे पोहोचतो, हा नेहमीचा व्यवहार आहे. अशा मालावर रॉटरडॅमला युरोपीय महासंघाचे आयातशुल्क आणि पुढे स्वित्झर्लंडमध्ये तेथील शुल्क अशी दुहेरी आकारणी होऊ नये, म्हणून ‘सीमाशुल्क पारगमन’ ही व्यवस्था अस्तित्वात आहे. ती ज्या संगणकीय जाळ्यावर चालते, त्याचे नाव ‘न्यू कॉम्प्युटराइज्ड ट्रान्झिट सिस्टिम’, अर्थात एनसीटीएस.

या प्रणालीचा पाचवा टप्पा २०२३ च्या अखेरपासून एकेका देशात लागू होत गेला आणि जानेवारी २०२५ मध्ये जुन्या-नव्या नियमांचा संक्रमणकाळ संपुष्टात आला. बदल संगणकाचा असला, तरी त्याचा भार व्यापारी, वाहतूकदार आणि कस्टम ब्रोकर यांच्यावर पडला आहे. मालाची माहिती आता अधिक बारकाईने, अधिक लवकर आणि ठरलेल्या साच्यातच द्यावी लागते. ती चुकली तर अडकून पडतो तो केवळ ट्रक नव्हे. ज्याच्या नावाने हमी दिलेली आहे, त्याची पतही त्यात गुंतलेली असते.

पारगमन म्हणजे काय

शुल्क न भरता, परंतु सीमाशुल्क खात्याच्या देखरेखीखाली, एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी माल नेण्याची परवानगी म्हणजे पारगमन. शुल्क माफ झालेले नसते, ते तात्पुरते स्थगित झालेले असते. माल ठरलेल्या मुदतीत ठरलेल्या कार्यालयात सुस्थितीत हजर झाला, म्हणजे ती जबाबदारी संपते. तो वाटेत नाहीसा झाला, तर शुल्क वसूल होते.

या व्यवस्थेचा कायदेशीर पाया म्हणजे २० मे १९८७ रोजी स्वित्झर्लंडमधील इंटरलाकेन येथे झालेला सामायिक पारगमन करार. तत्कालीन युरोपीय समुदाय आणि युरोपीय मुक्त व्यापार संघटनेचे देश यांच्यात तो झाला आणि १९८८ च्या आरंभी अमलात आला. पुढे त्याची व्याप्ती वाढत गेली. तुर्कस्तान डिसेंबर २०१२ मध्ये, उत्तर मॅसिडोनिया २०१५ मध्ये आणि सर्बिया २०१६ मध्ये त्यात सामील झाले. महासंघातून बाहेर पडल्यानंतर युनायटेड किंग्डम १ जानेवारी २०२१ पासून स्वतंत्र पक्ष म्हणून करारात राहिले. युक्रेन १ ऑक्टोबर २०२२ रोजी, जॉर्जिया १ फेब्रुवारी २०२५ रोजी, तर मोल्दोव्हा आणि माँटेनेग्रो नोव्हेंबर २०२५ मध्ये दाखल झाले.

मालाच्या दर्जानुसार घोषणापत्राचे दोन मुख्य प्रकार आहेत. महासंघाबाहेरून आलेल्या आणि शुल्क न भरलेल्या मालासाठी ‘टी-१’. महासंघाचा माल बाहेरील प्रदेशातून नेऊन त्याचा दर्जा टिकवायचा असेल तर ‘टी-२’. भारतीय द्राक्षांचा वरील प्रवास ‘टी-१’ खाली होतो. आयर्लंडचा माल ब्रिटनच्या रस्त्यांवरून फ्रान्सला न्यायचा असेल, तर ‘टी-२’ लागतो.

कागदाकडून संगणकाकडे

आरंभी हा सारा कारभार कागदावर चाले. घोषणापत्राची एक प्रत मालाबरोबर जाई आणि गंतव्य कार्यालयाचा शिक्का घेऊन टपालाने प्रस्थान कार्यालयाकडे परत येई. १९८९ नंतर पूर्व युरोप खुला झाला आणि मालवाहतूक झपाट्याने वाढली. शिक्का मारलेल्या प्रती परत येण्यास महिने लागू लागले. बनावट शिक्क्यांच्या आधारे सिगारेटसारखा जास्त शुल्काचा माल वाटेतच बाजारात उतरवला जाऊ लागला. हा प्रश्न इतका गंभीर झाला की युरोपीय संसदेने त्यावर चौकशी समिती नेमली. तिचा अहवाल १९९७ मध्ये आला आणि संगणकीकरणाच्या कामाला त्यातून गती मिळाली.

त्यातून एनसीटीएस उभी राहिली. १ जुलै २००५ पासून पारगमनाचे घोषणापत्र इलेक्ट्रॉनिक पद्धतीनेच सादर करणे हा सर्वसाधारण नियम झाला. टीआयआर करारानुसार होणारी वाहतूकही महासंघाच्या हद्दीत २००९ पासून याच प्रणालीत नोंदवली जाते. महासंघाची नवी सीमाशुल्क संहिता १ मे २०१६ पासून लागू झाली. तिच्यातील माहितीच्या नव्या रचनेशी पारगमन प्रणाली जुळवून घेणे हे पाचव्या टप्प्याचे मूळ प्रयोजन आहे.

एका खेपेचा प्रवास

नव्या प्रणालीची गरज समजून घेण्यासाठी झुरिचला जाणाऱ्या कंटेनरचाच मागोवा घेता येईल. रॉटरडॅममधील फॉरवर्डर प्रस्थान कार्यालयाकडे घोषणापत्र पाठवतो. कायद्याच्या भाषेत तो ‘प्रक्रियाधारक’ ठरतो. मालाची आणि शुल्काची जबाबदारी त्याच्यावर येते. घोषणापत्र स्वीकारले गेले की त्याला अठरा अक्षर-अंकांचा ‘एमआरएन’ हा क्रमांक मिळतो. पहिले दोन अंक वर्षाचे, पुढील दोन अक्षरे देशाची आणि उर्वरित भाग त्या खेपेची ओळख सांगणारा असतो.

हमीची पडताळणी, सीलची नोंद आणि आवश्यक वाटल्यास तपासणी झाल्यावर माल पारगमनासाठी मोकळा केला जातो. त्याच क्षणी स्वित्झर्लंडच्या सीमेवरील पारगमन कार्यालयाला आणि झुरिचच्या गंतव्य कार्यालयाला प्रणालीतून आगाऊ सूचना जाते. चालक सीमेवर पोहोचतो तेव्हा तेथील अधिकाऱ्याला कागद वाचून माहिती भरावी लागत नाही. एमआरएन टाकताच खेप समोर येते. माल गंतव्यस्थानी पोहोचल्यावर आगमनाची सूचना दिली जाते, सील आणि माल तपासला जातो आणि निष्कर्ष प्रस्थान कार्यालयाकडे परत जातो. त्यानंतरच व्यवहार पूर्ण झाल्याची नोंद होते आणि अडकलेली हमी मोकळी होते.

या साखळीतील प्रत्येक टप्पा आधीच्या टप्प्यातील माहितीवर उभा असतो. पहिल्याच घोषणापत्रात वजन किंवा नगांची संख्या चुकली, तर ती तफावत शेकडो किलोमीटर दूर, सील उघडल्यावर उघडकीस येते.

पाचव्या टप्प्यात काय बदलले

पहिला बदल माहितीच्या मांडणीचा आहे. पूर्वीचे घोषणापत्र मुख्यतः एक खेप आणि तिच्यातील वस्तू असे दोन पातळ्यांचे होते. आता खेप, तिच्यातील स्वतंत्र मालधन्यांच्या उपखेपा आणि प्रत्येक उपखेपेतील वस्तू अशी तीन पातळ्यांची रचना आहे. अनेक लहान व्यापाऱ्यांचा माल एकाच ट्रकमध्ये भरणाऱ्यांना प्रत्येकाची माहिती स्वतंत्रपणे द्यावी लागते.

दुसरा बदल वस्तूच्या वर्गीकरणाचा आहे. सहा अंकी एचएस कोड आता घोषणापत्राचा आवश्यक भाग झाला आहे. ‘सुका मेवा’ किंवा ‘खाद्यपदार्थ’ असे ढोबळ वर्णन पुरत नाही. ताजी द्राक्षे ०८०६१० आणि बेदाणे ०८०६२० असा फरक पहिल्याच नोंदीत दिसावा लागतो.

तिसरा बदल वेळेचा आहे. माल प्रत्यक्ष हजर करण्यापूर्वी ३० दिवसांपर्यंत घोषणापत्र आगाऊ दाखल करता येते. माल आल्यावर केवळ हजेरीची सूचना द्यावी लागते. नाशवंत मालाच्या दृष्टीने ही सवलत मोलाची आहे, कारण कागदपत्रांतील त्रुटी जहाज समुद्रात असतानाच दुरुस्त करता येतात. मात्र माल मोकळा झाल्यावर घोषणापत्रात दुरुस्तीला वाव राहत नाही.

चौथा बदल वाटेतील घटनांसंबंधी आहे. ट्रक नादुरुस्त झाला, सील तुटले किंवा माल दुसऱ्या वाहनात चढवावा लागला, तर पूर्वी त्याची नोंद सोबतच्या कागदावर होई. आता जवळच्या सीमाशुल्क कार्यालयात घटना नोंदवली जाते आणि प्रस्थान, पारगमन व गंतव्य या सर्व कार्यालयांना ती प्रणालीतून कळते. त्यामुळे अशा प्रसंगी कोणाशी संपर्क साधायचा, हे चालकाला आधीच सांगून ठेवणे आवश्यक ठरते.

सर्व देश एकाच दिवशी नव्या प्रणालीत गेले नाहीत. स्वित्झर्लंडने आपली ‘पासार’ ही प्रणाली २०२३ मध्ये सुरू केली. युनायटेड किंग्डम १ जुलै २०२४ रोजी नव्या टप्प्यात दाखल झाले. मधल्या काळात जुन्या आणि नव्या साच्यांतील संदेश परस्परांत रूपांतरित करणारी मध्यस्थ सोय ठेवावी लागली. जुन्या साच्यात न मावणारी माहिती तोवर बंधनकारक करता आली नाही. संक्रमणकाळ संपल्यावर ही सूट राहिली नाही. तोवर ‘आपले काम चालले आहे’ असे समजणाऱ्या अनेकांना खरा बदल त्यानंतर जाणवणे स्वाभाविक होते.

हमी : खरा धोका कोठे आहे

पारगमनात माल पुढे जातो तो हमीच्या बळावर. हमीचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. एकाच खेपेपुरती वैयक्तिक हमी रोख, हमीदाराचे बंधपत्र किंवा प्रत्येकी १० हजार युरोच्या हमी-पावत्यांच्या रूपाने देता येते. नियमित व्यवसाय करणाऱ्यांसाठी सर्वसमावेशक हमी असते. तिच्यासाठी आधी संदर्भ रक्कम निश्चित केली जाते. चांगली पूर्वपीठिका आणि आर्थिक स्थैर्य असलेल्या व्यावसायिकांना ही रक्कम ५० टक्के, ३० टक्के किंवा शून्यापर्यंतही कमी करून मिळते.

प्रत्येक नव्या खेपेबरोबर संभाव्य शुल्काएवढी रक्कम या मर्यादेतून वजा होते आणि व्यवहार पूर्ण झाल्यावर परत जमा होते. आगमनाची नोंद वेळेत झाली नाही, तर हमी अडकून राहते. दहा खेपा अशा अडकल्या, तर अकरावी खेप माल तयार असूनही निघू शकत नाही. मोठ्या कंपनीला हे पेलते. चार-पाच ट्रकांवर व्यवसाय करणाऱ्या फॉरवर्डरचे काम मात्र त्या दिवशी थांबते.

याहून गंभीर प्रसंग म्हणजे चौकशी. ठरलेल्या मुदतीत आगमनाची सूचना आली नाही, तर प्रस्थान कार्यालय प्रक्रियाधारकाकडे विचारणा करते. माल प्रत्यक्षात पोहोचला असेल, पण गंतव्य कार्यालयात हजर न करताच थेट गोदामात उतरवला गेला असेल, तरीही कायद्याच्या दृष्टीने तो नियमभंगच आहे. समाधानकारक पर्यायी पुरावा देता आला नाही, तर शुल्क आणि अन्य कर भरण्याची जबाबदारी प्रक्रियाधारकावर येते. ज्याने मालाचा एक पैसाही नफा घेतलेला नाही, अशा मध्यस्थावर संपूर्ण शुल्काचा बोजा पडण्याची ही शक्यता पारगमन व्यवसायातील सर्वांत मोठी जोखीम मानली जाते.

पूर्वतयारीची अंगे

प्रणाली बदलताना बहुतेक देशांच्या सीमाशुल्क खात्यांनी व्यापाऱ्यांना तांत्रिक तपशील, चाचणीची सोय आणि मार्गदर्शिका उपलब्ध करून दिल्या. ब्रिटनच्या महसूल खात्याने सॉफ्टवेअर पुरवठादारांसाठी चाचणी व्यवस्था ठेवली. स्वतःचे सॉफ्टवेअर नसलेल्यांसाठी ‘मॅनेज युअर ट्रान्झिट मूव्हमेंट्स’ ही विनामूल्य सेवाही दिली. परंतु सॉफ्टवेअर बदलणे हा तयारीचा एक भाग झाला. उर्वरित तयारी व्यापाऱ्याच्या कार्यालयातच करावी लागते. तिची मुख्य अंगे अशी :

१. माहितीची छाननी. नियमितपणे पाठवल्या जाणाऱ्या प्रत्येक वस्तूचा सहा अंकी कोड, नेमके वर्णन, एकूण वजन आणि वेष्टनाचा प्रकार यांची एकच प्रमाण यादी असावी. इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट आणि बिल ऑफ लेडिंग यांत एकाच वस्तूची तीन वर्णने असतील, तर चूक तेथेच दडलेली असते.

२. ओळख क्रमांक आणि परवाने. घोषणापत्र देणाऱ्याचा ‘ईओआरआय’ हा युरोपीय नोंदणी क्रमांक, हमीचा संदर्भ क्रमांक आणि अधिकृत प्रेषक किंवा अधिकृत स्वीकारकर्ता म्हणून मिळालेला परवाना नव्या प्रणालीत बिनचूक दिसतो की नाही, हे पहिल्या खेपेपूर्वी तपासावे.

३. चाचणी. केवळ सुरळीत खेपेची चाचणी पुरेशी नाही. नाकारलेले घोषणापत्र, रद्द केलेली खेप, कमी भरलेला माल आणि बदललेले वाहन या प्रसंगांतही प्रणाली कोणते संदेश देते, ते पाहून ठेवावे.

४. अपूर्ण व्यवहारांचा हिशेब. बदलाच्या दिवशी जुन्या प्रणालीत किती खेपा उघड्या आहेत, याची यादी हाताशी हवी. शक्य तितके व्यवहार आधी पूर्ण करावेत. मसुद्याच्या अवस्थेतील घोषणापत्रे नव्याने भरावी लागतील असे गृहीत धरावे.

५. माणसांचे प्रशिक्षण. घोषणापत्र भरणारा लिपिक, गोदामातील मालभरणी प्रमुख आणि चालक या तिघांनाही आपापल्या वाट्याचे काम ठाऊक हवे. विशेषतः माल कोणत्या कार्यालयात, कोणत्या मुदतीत हजर करायचा, हे चालकाला त्याला समजेल अशा भाषेत लेखी द्यावे.

६. करारातील स्पष्टता. माहिती चुकीची दिल्यास होणाऱ्या शुल्काची आणि विलंबाची जबाबदारी कोणाची, हे मालधनी, फॉरवर्डर आणि वाहतूकदार यांच्यातील करारात आधीच नमूद असावे.

प्रणाली बंद पडल्यास

संगणकीय व्यवस्थेला पर्याय हवाच. सीमाशुल्क खात्याची किंवा व्यापाऱ्याची प्रणाली बंद पडली, तर ‘व्यवसाय सातत्य प्रक्रिया’ या नावाने कागदी घोषणापत्राची सोय आहे. त्यावर विशिष्ट शिक्का आवश्यक असतो आणि व्यापाऱ्याची स्वतःची प्रणाली बंद असेल तर खात्याची पूर्वसंमती लागते. कागदावर सुरू झालेली खेप कागदावरच पूर्ण करावी लागते. प्रणाली मध्येच सुरू झाली म्हणून तीच खेप तिच्यात पुन्हा नोंदवली, तर एका मालाचे दोन व्यवहार दिसतात आणि त्यांपैकी एक कधीच पूर्ण होत नाही. हमी अडकण्याचे हे एक टाळता येण्याजोगे कारण आहे.

भारतीय निर्यातदारांचा संबंध

नाशिकचा द्राक्ष निर्यातदार, तिरुपूरचा वस्त्र उत्पादक किंवा मोरबीचा टाइल कारखानदार युरोपातील पारगमनाचे घोषणापत्र स्वतः भरत नाही. तथापि, त्यात भरली जाणारी माहिती त्याच्याच कागदपत्रांतून उचलली जाते. युरोपातील फॉरवर्डर सहा अंकी कोड आणि नेमके वर्णन आग्रहाने मागतो, त्यामागे हे कारण आहे.

हीच दिशा महासंघाच्या ‘आयसीएस-२’ या आगाऊ सुरक्षा माहिती प्रणालीतही दिसते. जून २०२४ पासून ती सागरी वाहतुकीला टप्प्याटप्प्याने लागू झाली असून तेथेही संदिग्ध वर्णने नाकारली जातात. पारगमन प्रणालीच्या सहाव्या टप्प्यात या सुरक्षाविषयक माहितीची सांगड पारगमनाच्या घोषणापत्राशी घालण्याची योजना आहे.

भारतातील नियमांचा प्रवासही समांतर आहे. सागरी माल आणि त्याच्या ट्रान्सशिपमेंटची माहिती आगाऊ व इलेक्ट्रॉनिक स्वरूपात देण्यासंबंधीचे विनियम मे २०१८ मध्ये अधिसूचित झाले. व्यापार आणि यंत्रणा यांना सज्ज होता यावे म्हणून त्यांच्या अंमलबजावणीलाही संक्रमणकाळ द्यावा लागला. आंतरराष्ट्रीय रस्ते वाहतुकीच्या टीआयआर करारात भारत जून २०१७ मध्ये सामील झाला आणि या करारानुसार पहिली खेप मार्च २०१९ मध्ये अफगाणिस्तानातून इराणमार्गे न्हावा शेवा येथे आली. पारगमनाची शिस्त ही भारतीय व्यापाऱ्यांसाठी आता केवळ परदेशातील बाब राहिलेली नाही.

माहितीची किंमत

आयर्लंडचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. २०२१ पूर्वी आयरिश ट्रक ब्रिटनमार्गे फ्रान्सला सहज जात. ब्रिटन महासंघाबाहेर गेल्यावर त्याच रस्त्यासाठी पारगमनाचे घोषणापत्र आणि हमी आवश्यक झाली. तेव्हा अनेक वाहतूकदारांनी लांबचा असला तरी थेट फ्रान्सला जाणारा सागरी मार्ग पसंत केला. रस्ता बदलला नव्हता. त्यावरून जाण्यासाठी लागणारी माहिती आणि तिची जबाबदारी वाढली होती.

प्रणाली अद्ययावत झाल्याने सीमेवरील तपासणी जलद होते, फसवणुकीस आळा बसतो आणि हमी लवकर मोकळी होते, हे लाभ खरे आहेत. परंतु ते मिळतात माहिती पहिल्याच वेळी अचूक देणाऱ्याला. पूर्वी सीमेवरचा अधिकारी विचारून दुरुस्त करून घेई, अशा अनेक गोष्टी आता प्रणाली थेट नाकारते. दुरुस्तीची जागा सीमेवरून उठून व्यापाऱ्याच्या टेबलावर आली आहे. ज्या लहान व्यावसायिकांकडे स्वतंत्र सीमाशुल्क विभाग नाही, त्यांना वेळेवर मार्गदर्शन आणि चाचणीची संधी मिळते की नाही, यावर अशा प्रत्येक नव्या टप्प्याचे यश अवलंबून राहणार आहे.